आधी पाहा, मग दाखवा

नांदगाव खंडेश्वरच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांना विषय दिला होता करिअरच्या नव्या वाटांचा. पण पाहुण्या याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी. माईक हाती येताच त्या पोचल्या थेट खंडेश्वराच्या देवळात. चित्रकलेचे सर वर्गाला तिथं न्यायचे आणि चुन्याशिवाय बसवलेल्या काळ्या दगडांच्या सांध्यावरून नख फिरवायला लावायचे. ‘‘पोट्टेहो, नुसते पाया पडून निंगू नका, पाहा जरा!’’ सरांचं हे वाक्य सांगताना त्यांचा आवाज भरून आला.

निवृत्तीनंतर त्या मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात लोकांना कलावस्तू दाखवू लागल्या. काम बिनपगारी. हे संग्रहालय 1872 साली लोकांसाठी खुलं झालं; ते उभं राहावं म्हणून झटलेल्या डॉ. भाऊ दाजींचं नाव त्याला 1975 मध्ये मिळालं. बाहेर उभा असलेला दगडी हत्ती घारापुरीचा. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते 1914 मध्ये जोडले गेले. पाहुण्या आधी काहीच सांगत नाहीत, लोकांना हत्तीभोवती फिरून जोड शोधायला लावतात. आतल्या मातीच्या छोट्या पुतळ्यांपुढेही तेच. पाटी नंतर वाचा, आधी याच्या हातात काय आहे ते सांगा!

बॉस्टनच्या कला संग्रहालयानं 1907 च्या सुमारास असे वाटाडे नेमले, एवढं सांगून त्यांनी माहिती आवरती घेतली. त्यांचा आग्रह वेगळाच होता. आठवड्यातून एक तास एखादी वस्तू नीट पाहायची आणि ती दुसऱ्याला दाखवायची, तीही मोबदल्याशिवाय. दाखवायची वेळ आली की आपल्याला किती कमी दिसलंय ते कळतं, हे त्यांनी परोपरीनं सांगितलं. मुलं फोटो काढतात आणि पुढं जातात, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

मग त्यांची नजर पहिल्या रांगेकडे वळली. तिथं बसलेल्या निवृत्त गुरुजींना त्यांनी विनवलं, ‘‘गुरुजी, देवळातल्या यादवकाळच्या शिलालेखाबद्दल या मुलांना तुम्हीच सांगा.’’ संस्थेच्या अध्यक्षांकडे त्यांनी सहलीसाठी एसटी मागितली, नागपूरच्या अजब बंगल्यापर्यंत. 1863 चं ते मध्यवर्ती संग्रहालय इथल्या किती पालकांनी पाहिलंय, असं विचारल्यावर मंडपात मोजकेच हात वर झाले. नववीच्या मुलींना मात्र त्यांनी तिथल्या तिथं काम लावलं: येत्या रविवारी सकाळी पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना देऊळ दाखवायचं, आणि सुरुवात सांध्यांपासून करायची.