शौलाला शोधायला गेलेला माणूस

बसमध्ये ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा, मागे पंखा चालू आहे.

आज बर्णबाविषयी बोलू या. पौलावर आपण ढीगभर संदेश ऐकतो. बर्णबावर वर्षातून एखादा, तोही बहुतेक देणगीच्या रविवारी, कारण त्याने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले होते. मला मात्र त्याची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. पुढचे लोक कसे घडवायचे, हे त्याच्याकडून शिकावं.

त्याचं खरं नाव योसेफ, कुप्र बेटावरचा लेवी. बर्णबा हे प्रेषितांनी दिलेलं नाव. शौल यरुशलेमला आला तेव्हा शिष्यांना त्याची भीती वाटत होती, आणि का नाही वाटणार? कालपर्यंत हा माणूस विश्वासणाऱ्यांना पकडून नेत होता. बर्णबा त्याला सोबत घेऊन प्रेषितांकडे गेला. म्हणजे स्वतःची पत पणाला लावली. पुढे शौल तार्सला, आपल्या गावी गेला. इकडे अंत्युखियात मंडळी वाढत होती आणि जबाबदारी बर्णबावर होती. काम वाढलंय, लोक मानतायत, नाव होतंय. अशा वेळी आपण काय करतो? बहुतेक वेळा घट्ट धरून बसतो. हा उठून तार्सला गेला आणि शौलाला शोधून घेऊन आला. मग वर्षभर दोघांनी मिळून शिकवलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे दोन प्रकारचे सिनियर भेटतात. एक नवीन मुलाच्या कोडवर चाळीस कॉमेंट टाकतो आणि जेवायला जातो. दुसरा खुर्ची ओढून शेजारी बसतो. कॉमेंट दोघांच्याही बरोबर असतात बरं का. पण सहा महिन्यांनी कुठला मुलगा तयार झालेला असतो, हे वेगळं सांगायला नको.

आता एक गंमत बघा. प्रेषितांच्या कृत्यांचा १३वा अध्याय उघडा. सुरुवातीला नावं येतात ती 'बर्णबा आणि शौल' अशी. कुप्र बेट ओलांडेपर्यंत क्रम फिरतो आणि पुढे बहुतेक ठिकाणी पौलाचं नाव आधी येतं. ज्याला हाताला धरून आणलं तो पुढे गेला. बर्णबाने यावर तक्रार केल्याची एक ओळ नाही. आपल्याकडे उपासनेच्या पोस्टरवर कुणाचा फोटो मोठा, यावरून दोन-दोन महिने अबोला असतो, म्हणून सांगतोय.

पण बर्णबा म्हणजे नुसता गोड, सगळ्याला हो म्हणणारा माणूस नव्हता. मार्क नावाचा तरुण त्यांच्याबरोबर निघाला आणि पिर्गाहून यरुशलेमला परत गेला. का, ते लिहिलेलं नाही. पुढच्या फेरीला त्याला न्यायचं की नाही, यावरून बर्णबा आणि पौल यांचं इतकं वाजलं की दोघे वेगळे झाले. पौलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. प्रवास धोक्याचा, माणूस अर्ध्यात सोडून गेलेला. कुठलाही टीम लीड हेच म्हणेल. शिवाय मार्क हा बर्णबाचा भाऊबंद. कलस्सैकरांच्या पत्रात ते नातं दिलंय. म्हणजे वशिल्याची शंका घ्यायलाही जागा आहे. पाळकांचा पुतण्या गिटार घेऊन पुढे दिसला की आपण कुजबुजतोच ना!

फरक इथे आहे: बर्णबाने मार्कला पद मिळवून दिलं नाही. त्याला स्वतःबरोबर जहाजात बसवलं आणि कुप्रला, स्वतःच्या मुलखात नेलं. त्यानंतर कृत्यांच्या पुस्तकात बर्णबाच्या कामाची गोष्टच पुढे येत नाही. कॅमेरा पौलाबरोबर जातो. आणि बऱ्याच वर्षांनी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलच सांगतो, मार्कला घेऊन ये, तो उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय झालं, ते कुणी लिहून ठेवलं नाही. असलं काम लिहून ठेवण्यासारखं दिसतच नाही.

आमच्या तरुण संघातली एक मुलगी प्रार्थना सभा चालवताना मधेच अडखळली आणि खाली उतरली. रात्री ग्रुपवर कुणीतरी हसण्याचा इमोजी टाकला. ती यायची थांबली. संडे स्कूलच्या एक मावशी दर गुरुवारी तिच्या घरी जायला लागल्या. त्या दिवसाचा विषय काढला नाही. मुलांचे तक्ते कापायला मदत मागितली, एवढंच. आता ती छोट्यांचा वर्ग घेते. मंचावर अजून येत नाही, आणि मावशींना त्याची घाई नाही.

तुमच्या हातात एखादं काम असेल, गाणी निवडणं, वचन वाचायला देणं, साउंडच्या कपाटाची किल्ली, तर त्यातलं एक काम धाकट्याबरोबर करा. आधी तो बघू दे, मग दोघं मिळून, मग तो करेल आणि तुम्ही शेवटच्या बाकावर बसा. चुकलं तर ग्रुपवर लिहू नका, सोमवारी चहा प्यायला घेऊन जा. आणि आधी थोडं त्याच्याबद्दल विचारा: परीक्षा कधी आहे, घरी कसं चाललंय.

आणि जो मधेच सोडून गेलाय, त्याचा नंबर तुमच्याकडे असेलच. मेसेज नको. फोन करा, नाहीतर घरी जा. पुढच्या भागात तीमथ्यावर बोलू. जय ख्रिस्त.