तान्ह्या मेंदूचा प्रकाशातून वेध

तांबड्या रंगाच्या पलीकडचा, सुमारे 700 ते 900 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश, ज्याला निकट-अवरक्त प्रकाश म्हणतात, त्वचा आणि हाड यांमधून बऱ्यापैकी आरपार जातो. या गुणाचा उपयोग करून अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स यॉब्सिस यांनी 1977 मध्ये मेंदूतील ऑक्सिजनचा वेध बाहेरूनच घेता येतो, हे दाखवून दिले. करोनाच्या साथीत घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर बोटावर जे करतो, त्याच्याच जवळचे हे तत्त्व आहे. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की काही सेकंदांत त्याच्याकडे रक्ताचा ओघ वाढतो. ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषत असल्याने, डोक्यावर घातलेल्या टोपीतून सोडलेला प्रकाश दोन-तीन सेंटिमीटरवर किती परत आला, यावरून तो बदल मोजता येतो.

एमआरआयच्या गोंगाटात जागे बाळ निश्चल राहणे जवळजवळ अशक्य असते. ही टोपी मात्र आईच्या मांडीवर बसलेल्या बाळाला घालता येते, शिवाय कवटी पातळ असल्याने प्रकाश मेंदूच्या बाह्यस्तरापर्यंत सहज पोहोचतो. इटलीतील संशोधकांनी 2003 मध्ये नवजात बालकांना सरळ आणि उलट्या क्रमाने वाजवलेले बोलणे ऐकवले, तेव्हा सरळ बोलण्याला डाव्या मेंदूने अधिक प्रतिसाद दिला. जन्मानंतर अवघ्या काही दिवसांत दिसणारा हा भेद खरोखर थक्क करणारा आहे.

भारतात उत्तर प्रदेशातील शिवगड या ग्रामीण भागात हे यंत्र नेले गेले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चार महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांची दृश्य स्मृती, म्हणजे पाहिलेले क्षणभर मनात धरण्याची शक्ती, तपासली गेली. ज्या घरांत उत्पन्न आणि आईचे शिक्षण कमी होते, तेथील मुलांच्या मेंदूतील प्रतिसाद क्षीण आढळले. देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या ठिकाणी, शेतमजूर कुटुंबांच्या वस्तीवरही असे काम होऊ शकते आणि ते व्हायला हवे, कारण बालमेंदूविषयीचे बहुतेक ज्ञान श्रीमंत देशांतील मुलांवरून आलेले आहे.

त्यासाठी काळजी मात्र हवी. दाट, काळे जावळ आणि सावळी त्वचा प्रकाश अधिक शोषतात, म्हणून केस बाजूला सारून टोपी बसवावी लागते. मेंदूच्या खोल भागांपर्यंत प्रकाश जात नाही. आणि निष्कर्ष अनेक मुलांच्या सरासरीवरून निघत असल्याने एकाच बाळाच्या आलेखावरून त्याच्या बुद्धीचे निदान करता येत नाही.