कलिंगडाचं बी केव्हा पेरावं?



घरच्या वेलाचं कलिंगड कापून खावं, असं अंगण किंवा गच्ची असलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं. पण ही आठवण होते ती मार्चमध्ये, रस्त्याकडेला कलिंगडांचे ढीग दिसू लागल्यावर. मग बी आणलं जातं, वेलही छान पसरतो आणि ऐन फळं धरताना वळवाचा पाऊस गाठतो. तीन महिने बादलीनं घातलेलं पाणी वाया जातं. म्हणूनच आज थोडं पेरणीच्या वेळेविषयी बोलू या.

ही वेळ शेवटाकडून मागे मोजायची असते. पेरणीपासून फळ हाती यायला कलिंगडाला साधारण 80 ते 90 दिवस लागतात, खरबुजालाही जवळपास तेवढेच. शेवटचे पंधरा दिवस आभाळ कोरडं आणि ऊन कडक हवं. त्या काळात पाऊस झाला तर फळाची गोडी उतरते, फळ तडकतं, वेलावर रोग येतात. मेच्या मध्यानंतर वळवाचा भरवसा नाही. म्हणजे 10 मेपर्यंत फळ उतरवायचं, तर 90 दिवस मागे गेल्यावर 9 फेब्रुवारी येते. बी त्याआधी मातीत पडलं पाहिजे.

मग डिसेंबरातच का पेरू नये? इथं थंडी आडवी येते. या बियांना ऊबदार माती लागते. 25 ते 30 अंशांत कोंब आठवड्याच्या आत वर येतो. 20 अंशांखाली तो रेंगाळतो आणि ओल जास्त असेल तर बी कुजतं. नाशिक, पुणे, नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात. तिथं संक्रांत झाल्यावर, थंडी ओसरू लागली की पेरावं. कोकणात हिवाळा सौम्य, शिवाय जूनच्या सुरुवातीलाच मोसमी पाऊस येतो. त्यामुळं भातकापणी उरकली की नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात बी टाकायला हरकत नाही.

देशावरच्या मंडळींना घाई असेल, तर कागदी पेल्यात रोपं करावीत. बी रात्रभर पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात उबेला ठेवावं. मोड आले की बोटाच्या पेराएवढं खोल पेरावं. पेले दिवसा उन्हात, रात्री घरात. दोन खरी पानं फुटली की मुळं न दुखावता रोप आळ्यात लावावं. या वेलांना मुळांची हलवाहलव सोसत नाही.

सुरुवातीची फुलं गळाली तर घाबरू नका. ती नर फुलं असतात. मादी फुलाच्या मागं इवलंसं फळ दिसतं. गच्चीवर मधमाश्या फिरकत नसतील, तर सकाळी नर फूल तोडून त्याचे परागकण मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावेत. कुंडीतल्या वेलावर दोनच फळं ठेवावीत. शुगर बेबीसारखी लहान फळांची जात घरच्या बागेला सोयीची.

फळ पोसलं की पाणी हळूहळू कमी करावं. देठाजवळचा ताणा वाळला, जमिनीला टेकलेली बाजू पिवळसर झाली आणि टिचकीचा आवाज बद्द येऊ लागला, की कलिंगड तयार झालं. खरबुजाचा घमघमाट सुटतो आणि बऱ्याच जातींत फळ देठापासून सहज सुटतं. कलिंगड मात्र कच्चं तोडलं तर घरात ठेवून गोड होत नाही, तेव्हा उतावीळ होऊ नये.

थोडक्यात, कोकणात भातकापणीनंतर आणि देशावर संक्रांतीनंतर पेरा. दिनदर्शिकेवर ही खूण आजच करून ठेवा. बी पेरायला एक दिवस पुरतो, पण तो हुकला तर पुढच्या हिवाळ्याची वाट पाहावी लागते.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)