सायकलचें हँडल

सायकल विकत घेतांना गिऱ्हाईक रंग पाहतें, घंटी वाजवून पाहतें, टायर दाबून पाहतें. परंतु हँडल कोणत्या उंचीवर आहे, इकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. सदरा शिवतांना शिंप्याकडून बाहीची लांबी दोनदां मोजून घेणारा गृहस्थ दुकानदारानें आवळून दिलेल्या हँडलावर मात्र वर्षानुवर्षें ओणवून बसतो. पुढें मान अवघडते, खांदे भरून येतात, करंगळी व अनामिका यांना मुंग्या येऊं लागतात. दोष रस्त्याला किंवा वयाला दिला जातो.

या मुंग्यांना कारण आहे. या बोटांकडे जाणारा मज्जातंतु तळहाताच्या करंगळीकडील बाजूनें जातो, आणि धडाचा भार मुठींवर पडला कीं तो तेथें दाबला जातो. वेळींच बसण्याची ढब सुधारली तर त्रास बहुधा ओसरतो. दुर्लक्ष झालें तर बोटांतील जोरही कमी होऊं शकतो. ज्याचें पोट हातांच्या कामावर आहे, त्याला हें परवडण्यासारखें नाहीं.

हँडलाला हात घालण्यापूर्वीं सीट पाहावी. पायडल तळाशीं असतां त्यावर टाच ठेवून गुडघा सरळ झाला, म्हणजे उंची साधारण बरोबर आहे. सीटचें टोंक खालीं झुकलें असेल तर स्वार पुढें घसरतो व भार हातांवर येतो. तेथें हँडलाचा कांहीं अपराध नसतो. त्यानंतर हँडल. नित्याच्या जाण्यायेण्यासाठीं तें सीटच्या बरोबरीनें किंवा इंच-दोन इंच वर असावें. शर्यतींतला स्वार वारा चुकविण्यासाठीं खालीं वाकतो. भाजी आणावयास जाणाऱ्यानें त्याचें अनुकरण करण्याचें प्रयोजन नाहीं.

जुन्या बांधणीच्या सायकलींत हँडलाचा उभा दांडा, म्हणजे स्टेम, चिमट्याच्या नळींत उतरलेला असतो. त्यांतून जाणारा लांब बोल्ट तळाशीं असलेली पाचर वर ओढतो व दांडा नळींत घट्ट बसतो. बोल्ट पुरता काढूं नये. दोन-तीन फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर लांकडाचा तुकडा ठेवावा व हातोडीनें ठोका द्यावा, पाचर सुटते. मग पुढचें चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवावें. गंज चढला असेल तर तेल सोडून एक रात्र थांबावें. झटापट करूं नये. परत बसवितांना दांड्याला थोडें ग्रीस लावावें.

येथें एका मर्यादेचें भान ठेवणें अत्यंत आवश्यक आहे. दांड्यावर खूण असल्यास ती नळीबाहेर कधींही दिसूं नये. खूण नसल्यास निदान अडीच इंच दांडा आंत राहिलाच पाहिजे. उंचीच्या लोभानें तो याहून वर ओढला, तर उतारावर हँडल हातांत येण्याचा प्रसंग ओढवतो.

सळयांच्या ब्रेकची सायकल असेल तर काम दुप्पट होतें. हँडल वर घेतांच सळया ओढल्या जाऊन ब्रेक चाकाला चिकटतात, खालीं घेतल्यास ढिले पडतात. म्हणून सळईचा जोड आधीं सैल करून शेवटीं पुन्हां आवळावा व चालती सायकल थांबवून ब्रेकची परीक्षा घ्यावी. या सायकलींत हँडल व दांडा बहुधा एकसंध असल्यानें मुठी जवळ आणतां येत नाहींत. तारेच्या ब्रेकच्या सायकलीस मात्र आंखूड दांडा बसवितां येतो. कोंपर किंचित वाकलेलें राहील इतकेंच अंतर योग्य.

१९९० नंतर प्रचारांत आलेल्या नव्या बांधणींत पाचर नाहीं. दांडा नळीला बाहेरून वेढतो आणि उंची मधल्या कड्यांनीं ठरते. तेथें बाजूचे बोल्ट आधीं सैल करावे, वरचा बोल्ट चिमट्याची खुळखूळ जाईल इतकाच कसावा आणि मगच बाजूचे आवळावे.

कोणताही बदल एका वेळीं अर्ध्या इंचाहून अधिक नसावा. आठवडाभर नेहमींच्याच रस्त्यानें जावें, आणि बोटें काय सांगतात तें पाहून पुन्हां पाना हातीं घ्यावा.