फोनच्या पडद्यावरचं आमचं दुकान

आज रेडिओवर आम्ही दोघी बोलायला आलोय, पण बोलणं आमच्या गटातल्या दहाजणींचं आहे. म्हणून आम्ही 'मी' म्हणणार नाही, 'आम्ही'च म्हणणार. घरी भाकऱ्या थापत असाल तर थापत थापत ऐका.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या. शेंगाचटणी, काळा मसाला आणि ज्वारीची कडक भाकरी हा आमचा माल. चटणी आम्ही उखळातच कुटतो, तेल सुटेपर्यंत. मिक्सरवर ती चव येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मुंबईला महालक्ष्मी सरस प्रदर्शनात दोनदा माल नेला, तेव्हा गिऱ्हाइकं विचारायची, "ताई, हे संपल्यावर पुन्हा कुठं मिळेल?" आम्ही फोन नंबर लिहून द्यायचो. पुढं कधीतरी फोन यायचा, पण तेव्हा आम्ही रानात असायचो. त्यावरून कुणीतरी म्हणालं, वेबसाइट काढा.

आम्ही काढली. गटाच्या शिलकीतून ३५,००० रुपये काढले आणि तालुक्याच्या एका पोराला दिले. त्याच महिन्यात आमच्यातल्या एका वहिनींनी मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी १५,००० मागितले होते. त्यांना आम्ही म्हटलं, "थोडं थांबा, वेबसाइटचे पैसे येतील." त्यांना थांबून चालणार नव्हतं. त्यांनी बाहेरून व्याजानं काढले. पुढचं सगळं ऐकताना ही गोष्ट ध्यानात ठेवा, आमच्याही ती ध्यानात आहे.

वेबसाइट दिसायला झकास होती. उघडली की आधी गाणं वाजायचं. मग उद्घाटनाचा फोटो, पाहुण्यांना हार घालतानाचे फोटो, आमचा हिरव्या साड्यांतला फोटो. असे अठरा फोटो सरकत जायचे. चटणी कुठं? खाली, पार खाली. किंमत कुठंच नाही, 'चौकशीसाठी संपर्क करा' एवढंच. दहा महिन्यांत सात ऑर्डरी आल्या. त्यातल्या तीन आमच्याच नातेवाइकांच्या, त्यांनी लाजेखातर दिलेल्या.

आम्हाला वाटलं, लोकांना चटणी नको असेल. चूक भलतीकडेच होती.

ती दाखवली आमच्यातल्या एकीच्या भाचीनं. पुण्यात कॉलेजात शिकते, सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही काही बोलू नका, नुसत्या बघा." तिनं वेबसाइट कधीच न बघितलेल्या पाचजणींना बोलावलं. एक शिक्षिका, एक दवाखान्यातली सिस्टर, दोघी नव्या सुना आणि सोलापूरहून आलेली एक आत्या. प्रत्येकीच्या हातात फोन दिला आणि सांगितलं, यातून एक पाव किलो चटणी मागवा. मदत करायची नाही, हात मागे बांधून बसायचं.

बायांनो, तो अर्धा दिवस आमच्या जिवाला लागला. शिक्षिका गाणं बंद कसं करायचं हेच शोधत बसल्या. सिस्टरनं गोल गोल फिरणारं चाक बघून फोन खाली ठेवला. एक सून पैसे भरायच्या पानापर्यंत पोचली. तिथं आधी खातं उघडा, पासवर्ड घाला, त्यात एक मोठं अक्षर आणि एक आकडा हवा. ती म्हणाली, "चटणीला कुलूप कशाला?" आत्यांनी नेटानं सगळं भरलं आणि शेवटच्या पानावर त्यांना दिसलं, चटणी ९० रुपये, कुरिअर १२०. त्या आमच्याकडं अशा बघायला लागल्या की जणू आम्ही मापात मारलं.

पाचातली एकही चटणी विकत घेऊ शकली नाही. पाचच का बोलावल्या, तर वेबसाइटच्या कामातले जाणकार जेकब नील्सन यांनी २००० सालीच लिहून ठेवलंय की पाच माणसांना वापरायला देऊन बघितलं तरी बहुतेक अडचणी कळतात. खर्च काय? चहा आणि पोहे.

मग आम्ही एकेक दुरुस्त करत गेलो. गाणं काढलं. हारतुऱ्यांचे फोटो काढले. त्यावरून गटात आठवडाभर रुसवा होता, सरपंचांचा फोटोही गेला म्हणून. फोनवर काढलेला एक फोटो तीन-चार एमबीचा असतो. तसे अठरा चढवले तर रानात, एसटीत, रेंज कमी असलेल्या ठिकाणी पान उघडणार कसं? आता आमचा एकेक फोटो दीडशे केबीच्या आत आहे, फोनवरच लहान करता येतो. फोटो सकाळी ओसरीच्या उजेडात काढतो, फ्लॅश नाही. चटणी वाटीत काढून शेजारी भाकरीचा तुकडा ठेवतो, म्हणजे पुडा केवढा ते कळतं. नुसत्या पाकिटाच्या फोटोनं भूक लागत नाही.

पहिल्याच पानावर आता तीन गोष्टी दिसतात. माल, वजन आणि किंमत. पोचवण्याचा खर्च किंमतीच्या खालीच, ठळक. शेवटी खर्च वाढवून दाखवणं गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि सरकारनंही ते तसंच धरलंय. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं वेबसाइटवरच्या फसव्या युक्त्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तेरा प्रकार सांगितलेत. खर्च हळूहळू उघड करणं हा त्यातलाच एक. 'फक्त दोनच पुडे शिल्लक' असं खोटं लिहून घाई करणं हाही एक. तो पोरगा आम्हाला हे दुसरं करा म्हणून सांगत होता बरं का.

पासवर्डाचं कुलूप काढलं. नाव, पत्ता, पिनकोड, फोन, बस. अमेरिकेतल्या जेरेड स्पूल यांनी २००९ साली एका मोठ्या दुकानाची हकिगत लिहिली आहे. त्या वेबसाइटवर पैसे भरायच्या आधी 'नोंदणी करा' असं बटण होतं. ते काढून 'पुढे चला' केलं आणि शेजारी लिहिलं, खातं उघडायची गरज नाही. खरेदी पुरी करणारी गिऱ्हाइकं ४५ टक्क्यांनी वाढली आणि वर्षात ३० कोटी डॉलरची विक्री जास्त झाली. आमचे काही कोटी वाढले नाहीत. पण त्या सुनेनं पुन्हा करून बघितलं तेव्हा चार मिनिटांत चटणी मागवली, आणि ती आमची पहिली खरी परीक्षा पास झाली.

आता कुरिअरचं गणित नीट ऐका, कारण आमचा सगळ्यात जास्त पैसा तिथं गेला. कुरिअरवाले बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्यानं पैसे घेतात. दोनशे ग्रॅमला आणि पाचशे ग्रॅमला भाडं एकच. म्हणून आम्ही एक पुडा सुटा विकायच्या ऐवजी दोन चटण्या आणि एक मसाला अशी जोडी केली. दुसरी गोष्ट, ते नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याचा आकारही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० नं भागायचं. येईल ते किलो. आमचं भाकरीचं खोकं ३० बाय ३० बाय १२ होतं. गुणाकार १०,८००, भागून दोन किलोच्या वर. आत माल किती, तर सातशे ग्रॅम! सहा महिने आम्ही हवेचं भाडं भरत होतो.

मग आम्ही भाकरीच लहान केली. खोकं १७ बाय १७ बाय १२, म्हणजे हिशेबानं सातशे ग्रॅमच्या आत. गटातल्या थोरल्या मावशी हातातला गोळा बघून म्हणाल्या, "ही काय बाहुलीची भाकरी?" पण लहान भाकरी मोडतही कमी. आधी दर पुड्यात दोन-तीन मोडलेल्या निघायच्या आणि गिऱ्हाइकं फोटो पाठवायची. आता पानावर स्पष्ट लिहिलंय, कडक भाकरी आहे, एखादी मोडेल. तीनपेक्षा जास्त मोडल्या तर फोटो पाठवा, नवा पुडा देऊ. हे लिहिल्यापासून तक्रारीचा सूर उतरला.

कायद्याचं थोडक्यात. अन्नपदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवी. तिचा १४ आकडी नंबर पाकिटावर छापायचा, आम्ही पानावरही ठेवलाय. निव्वळ वजन, कमाल किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता पाकिटावर असतं तसं पानावरही दाखवावं लागतं. तक्रार कुणाकडं करायची त्याचं नाव द्यायचं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं ४८ तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. आणि स्वतःच्या वेबसाइटवरून करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा असेल, तर विक्री कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी लागते. आम्हाला हे बेंगळुरूची पहिली ऑर्डर आल्यावर कळलं.

एक मार आम्ही आपल्याच हातानं खाल्ला. वेबसाइटचं नाव त्या पोरानं स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावानं घेतलं होतं. आम्ही विचारलंच नाही. वर्ष संपलं, त्यानं गाव सोडलं, नंबर बदलला. नाव मुदतीत पुन्हा भरलं गेलं नाही आणि हातचं गेलं. पाकिटांवर छापलेलं, लोकांना सांगितलेलं नाव! दोन हजार पाकिटांवर चिकटपट्ट्या लावत बसलो. नव्या नावाला वर्षाला हजाराच्या आतच खर्च येतो, पण आता ते गटाच्या ईमेलवर आहे. पासवर्ड आणि नूतनीकरणाची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहून ती वही कपाटात कुलपात ठेवलीय. तुम्ही कुणाकडूनही वेबसाइट करून घ्या, पहिला प्रश्न हाच विचारा की नाव कुणाच्या नावानं घेणार.

आणखी एक. 'पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा' असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घेताना पिन घालावा लागत नाही, कधीच नाही.

साठ्याची वही त्याच वहिनींकडं आहे, ज्यांना आम्ही थांबा म्हटलं होतं. रोज संध्याकाळी पुडे मोजून त्या आकडा फोनवर टाकतात. माल संपला की बटण बंद. गेल्या दिवाळीत हे दोन दिवस राहिलं आणि नसलेल्या चटणीच्या एकोणीस ऑर्डरी घेतल्या गेल्या. प्रत्येकीला आम्ही फोन केला, आठ दिवस थांबता का पैसे परत देऊ, असं विचारलं. चौदाजणी थांबल्या.

खरं सांगायचं तर सगळ्या गटांनी वेबसाइट काढावी असं आमचं मत नाही. महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डरी असतील तर व्हॉट्सअॅपवरचा कॅटलॉग पुरतो, आणि उमेद मार्ट, ई-सरस असे सरकारी मंचही आहेत. तीच गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा मागायला लागली की मग आपलं दार उघडावं. आमचे ३५,००० फिटायला अडीच वर्षं लागली. वहिनींचं व्याज त्याच्याही नंतर संपलं, आणि बैठकीत खर्चाचा विषय निघाला की त्या अजून म्हणतात, "आधी पाचजणींना वापरून बघू द्या, मग पैसे काढा." त्यांना कुणी उलट बोलत नाही.

बरं, आता आम्हाला निघायला हवं. टपाल तीन वाजता जातं आणि अजून एक पोतं शेंगा भाजायच्या राहिल्यात.