शोधजाहिरात आणि अडतीचा धंदा : नवोदितांसाठी काही धडे

(दोहा येथील जयंती कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वैद्यकीच्या माणसाने व्यापारावर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु रक्तदाबाची आणि निद्रानाशाची तक्रार घेऊन आमच्याकडे येणारे अनेक बांधव औषधाची चिठ्ठी खिशात घातल्यावर एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टरसाहेब, इंटरनेटवर जाहिराती लावून घरबसल्या कमिशन मिळते म्हणतात, ते खरे काय?" कोणी त्यासाठी शिकवणीची फी भरलेली असते, कोणी क्रेडिट कार्ड काढलेले असते. गावाकडे आईवडिलांचे औषधपाणी, मुलांचे शिक्षण आणि अर्धवट बांधलेले घर यांचा भार ज्या पगारावर आहे, त्या पगारातून हा पैसा जातो. म्हणून या विषयाची नाडीपरीक्षा करणे आम्हांस आवश्यक वाटले.

प्रथम धंद्याचे स्वरूप पाहू. बाजार समितीतील अडत्या आपल्या परिचयाचा आहे. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा. अडत्या दोघांची गाठ घालून देतो व अडत घेतो. ज्याला 'अॅफिलिएट मार्केटिंग' म्हणतात ती याच जातीची अडत होय. अमेरिकेतील अॅमेझॉन कंपनीने १९९६ साली पुस्तकांच्या विक्रीसाठी अशी योजना सुरू केली. आपल्या दुव्यावरून गेलेल्या ग्राहकाने खरेदी केली, तरच आपणांस कमिशन मिळते. पुढे १९९८ साली गोटू डॉट कॉम या कॅलिफोर्नियातील कंपनीने शोधाच्या निकालातील जागा लिलावाने विकावयास आरंभ केला. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये आपली जाहिरात योजना आणली आणि २००२ साली प्रत्येक क्लिकमागे पैसे आकारण्याचा लिलाव सुरू केला. अडत आणि लिलाव या दोन गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे आजचा आपला विषय झाला.

या विषयाचा आपल्या समाजाशी काय संबंध, असे कोणी विचारील. इतिहास पाहा. कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेल्या बाबासाहेबांना बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतावे लागले. तेव्हा, १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होण्यापूर्वी, त्यांनी शेअरबाजारातील व्यवहारांवर सल्ला देणारी एक पेढी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले व पेढी बंद पडली. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. त्या वेळी पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. ज्ञान होते, पैसे देण्याची तयारी होती. नव्हती ती फक्त जागा. आज शोधयंत्रावर जाहिरातीची जागा मागताना कोणी जात विचारीत नाही आणि जाहिरात वाचणाऱ्यालाही ती दिसत नाही. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. परंतु मित्रहो, हे दार उघडे असले तरी प्रत्येक थापेचे पैसे घेणारे आहे. ज्याला मोजता येत नाही, त्याचा खिसा हे दार रिकामा करील. आमचे सारे म्हणणे एवढ्या एका वाक्यात आहे. पुढचे धडे त्याचाच विस्तार आहेत.

पहिला धडा : आधी गणित, मग खर्च. समजा, घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र २०० रियालांस विकले जाते व त्यावर शेकडा ५, म्हणजे १० रियाल, कमिशन आहे. जाहिरातीवर क्लिक करणाऱ्या ५० जणांपैकी एक जण ते विकत घेतो असे धरू. तर ५० क्लिकमागे आपली आवक १० रियाल, म्हणजे एका क्लिकमागे २० दिरहम. क्लिक याहून महाग पडली की तोटा ठरलेला. ७५ दिरहमने क्लिक घेणारा ५० क्लिकवर साडेसदतीस रियाल खर्च करून १० मिळवितो. जाहिरात चांगली चालली, पुष्कळ क्लिक आल्या, असे म्हणून तो आनंदतो. वस्तुतः जितक्या क्लिक अधिक, तितका खड्डा खोल. वरील आकडे उदाहरणादाखल आहेत; आपापल्या वस्तूचे आकडे ज्याने त्याने मांडावयाचे आहेत. ती २० दिरहमची मर्यादा कागदावर लिहिल्यावाचून एक रियालही खर्च करू नये.

दुसरा धडा : हा लिलाव केवळ धनवानाचा नाही. गूगलच्या लिलावात बोली आणि जाहिरातीची गुणवत्ता अशा दोहोंना मोल आहे. ढोबळमानाने सांगावयाचे तर एकाने ४ रियाल बोली केली व त्याची गुणवत्ता ३ असली, तर गुणाकार १२. दुसऱ्याने २ रियालच दिले, पण गुणवत्ता ८ असली, तर गुणाकार १६. दुसऱ्याची जाहिरात वर लागते. शिवाय त्याला पूर्ण २ रियाल द्यावे लागत नाहीत. पहिल्याला मागे ठेवण्यापुरते, म्हणजे दीड रियालाच्या किंचित वर, पुरतात. गुणवत्ता कशावरून ठरते? लोक जाहिरातीवर क्लिक करण्याचा संभव किती, विचारलेल्या शब्दांशी तिचा मेळ किती आणि क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावर उपयुक्त असे काय आहे, यांवरून. जे पान केवळ ग्राहकाला दुसऱ्याच्या दुकानात ढकलण्यासाठी केलेले असते, ते गूगलच्या नियमांत बसत नाही. म्हणून आपल्या पानावर आपले स्वतःचे ज्ञान हवे. यंत्राचा पट्टा दंडाच्या घेराप्रमाणे निवडावा, मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, एवढे जरी नीट लिहिले तरी वाचणाऱ्याचे भले होते आणि आपली क्लिकही स्वस्त होते. येथे अभ्यासाला रोख किंमत आहे.

तिसरा धडा : शब्दांची पारख. "रक्तदाब म्हणजे काय" असे विचारणारा जिज्ञासू असतो. "रक्तदाब यंत्र किंमत दोहा" असे विचारणारा गिऱ्हाईक असतो. नवोदित मनुष्य 'रक्तदाब' हा एकच व्यापक शब्द घेतो आणि सर्व जिज्ञासूंचे पैसे स्वतः भरतो. आरंभी नेमक्या जुळणीचे थोडे शब्द घ्यावेत. 'फुकट', 'दुरुस्ती', 'नोकरी' असे शब्द वर्ज्य म्हणून नोंदवावेत, म्हणजे त्या शोधांवर जाहिरात दिसणार नाही. प्रत्यक्षात कोणत्या शब्दांवर पैसे गेले याची यादी गूगल देते. ती दर आठवड्यास वाचावी.

येथेच कतारपुरती एक विशेष सूचना. जाहिरात कोठे दाखवावयाची हे ठरविताना त्या देशात असलेले लोक आणि त्या देशाविषयी उत्सुक असलेले लोक, असे दोन्ही गट मूळच्या मांडणीत धरलेले असतात. दोह्यात नोकरी शोधणारा साताऱ्याचा तरुणही त्यामुळे आपल्या जाहिरातीसमोर येऊ शकतो. तो क्लिक करील, पण येथे यंत्र विकत घेणार नाही. म्हणून 'फक्त तेथे असलेले' हाच पर्याय निवडावा. शोधाव्यतिरिक्त इतर संकेतस्थळांवर जाहिरात दाखविण्याच्या खुणाही आरंभी काढून टाकाव्यात.

चौथा धडा : करार आधी वाचावा. १ मे २००९ पासून अॅमेझॉनने उत्तर अमेरिकेत असा नियम केला की, सशुल्क शोधजाहिरातीवरून थेट आपल्या दुकानात धाडलेल्या ग्राहकांवर कमिशन मिळणार नाही. ज्यांचा सारा धंदा त्यावर उभा होता, त्यांचा पाया एका सूचनेने निघाला. अनेक व्यापारी आपल्या कंपनीच्या नावावर बोली लावण्यास मनाई करतात. ग्राहकाने माल परत केला तर कमिशनही परत जाते. ही सर्व कलमे खर्चापूर्वी वाचावयाची असतात.

पाचवा धडा आमच्या व्यवसायातला आहे : लहान मात्रा आणि रोजची नोंद. नवे औषध आम्ही थोडक्या मात्रेत सुरू करतो व तक्त्यावर परिणाम लिहितो. तसेच येथे. पन्नासात एक विक्री अपेक्षित असताना पहिल्या पन्नास क्लिकमध्ये एकही विक्री झाली नाही, तर घाबरू नये; निव्वळ योगायोगाने असे घडण्याचा संभव शेकडा ३६ आहे. परंतु २०० क्लिकमध्ये एकही विक्री नसेल, तर तसे योगायोगाने घडण्याचा संभव शेकडा २ हूनही कमी. तेव्हा आपला अंदाजच चुकला असे समजून जाहिरात बंद करावी. २० दिरहमच्या दराने या परीक्षेचा खर्च ४० रियाल येतो. ७५ दिरहमच्या दराने १५०. आपण किती गमावू शकतो, हे असे आधीच ठाऊक असते. आशेला मर्यादा नसते, हिशेबाला असते.

सहावा धडा : पैसा कोणता लावावा. जाहिरातीचे पैसे लगेच कापले जातात, कमिशन मात्र कित्येकदा दोन महिन्यांनी हाती येते. मधला काळ कशावर काढणार? रोजची मर्यादा २० रियाल ठेवली, तरी गूगल एखाद्या दिवशी तिच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते. महिन्याचा हिशेब मात्र ३०.४ दिवसांचा धरला जातो, म्हणजे ६०८ रियालांच्या वर जात नाही. कतारमध्ये मार्च २०२१ पासून लागू झालेले किमान मूळ वेतन १,००० रियाल आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे 'रोज फक्त वीस रियाल' या बोलण्यातील धोका कळेल. क्रेडिट कार्डावर किंवा बँकेच्या कर्जावर हा प्रयोग कदापि करू नये. येथे कर्ज थकले तर देश सोडण्यास मनाई होऊ शकते, आणि न वटलेला धनादेश हा फौजदारी गुन्हा ठरतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे : एक निर्वाहासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा संकटासाठी राखून ठेवण्यास. ज्याचा सारा पगार निर्वाहात आणि गावी पाठविण्यात संपतो, त्याच्यापाशी उद्योगाचा भाग अजून निर्माण झालेला नाही. त्याने आधी तो निर्माण करावा; संकटाच्या चौथ्या भागास हात लावू नये.

सातवा धडा कायद्याचा. कतारच्या २०१५ च्या कायदा क्रमांक २१ नुसार ज्या मालकाकडे आपली नेमणूक आहे, त्याच्याव्यतिरिक्त अन्यत्र काम करण्यास परवानगी लागते. २०२० साली नोकरी बदलण्यासाठी लागणारे ना-हरकत पत्र रद्द झाले. त्याचा अर्थ जोडधंदा मोकळा झाला असा मुळीच नाही. म्हणून आधी अधिकृत ठिकाणी विचारणा करावी. गावी असलेल्या पत्नीने वा भावाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बँक खात्यातून आणि कराची नोंद ठेवून हा उद्योग केला, तर तो त्यांचा उद्योग होतो. मात्र पत्नीचे नाव केवळ कागदापुरते नको. हिशेब तिला कळला पाहिजे आणि निर्णयही तिचा असला पाहिजे.

याच ओघात एक इशारा देतो. ज्या योजनेत प्रवेशासाठी पैसे भरावे लागतात आणि पुढची माणसे आणल्यावर कमाई होते, ती अडत नव्हे. ती साखळी होय. भारतात १९७८ च्या कायद्याने पैशाच्या अशा फिरवाफिरवीस बंदी आहे, आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनीही पिरॅमिड योजना निषिद्ध ठरविल्या आहेत. खऱ्या अडतीत प्रवेश फुकट असतो आणि कमाई बाहेरच्या ग्राहकाच्या खरेदीतून होते. कोणी मजुरांच्या खोलीवर येऊन स्वप्ने दाखवू लागला, तर एकच विचारावे : पैसा मालातून येतो की माणसांतून?

शेवटचा धडा सचोटीचा. आमच्या पेशात रुग्ण धाडल्याबद्दल घेतलेल्या कमिशनला महाराष्ट्रात 'कट प्रॅक्टिस' म्हणतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी ते निषिद्ध केले आहे, आणि ते योग्यच आहे. कारण रुग्णाला ते कळत नाही व वेदनेत तो निवड करू शकत नाही. मग अडतीचे समर्थन आम्ही कसे करतो? एकाच अटीवर : ती उघड असली पाहिजे. "या दुव्यावरून खरेदी झाल्यास आम्हांस कमिशन मिळते" हे वाक्य पानाच्या माथ्यावर असावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी भारत सरकारने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही असा संबंध उघड करावयास सांगितले आहे. मधुमेह मुळापासून घालविणारी चूर्णे, उंची वाढविणाऱ्या गोळ्या यांवरील कमिशनचा मोह मोठा असतो. परंतु भारतात १९५४ च्या कायद्याने अशा जाहिराती निषिद्ध आहेत, आणि ज्याने औषध सोडून चूर्ण घेतले त्याचे पाय आम्हांस पुढे पाहावे लागतात. अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविका हे केवळ वंदनेचे शब्द नव्हेत. कोणता माल नाकारावा, हे त्या सांगतात.

बंधू-भगिनींनो, हा धंदा सर्वांनी करावा असे आमचे म्हणणे नाही. ज्याला हिशेबाची गोडी आहे, लिहिण्याचा उत्साह आहे आणि गमावले तरी घरातील चूल विझणार नाही एवढी शिल्लक आहे, त्याने चाळीस रियालांची परीक्षा जरूर करावी. इतरांनी आधी शिल्लक करावी. आपल्यातील संगणक जाणणारे तरुण, हिशेब जाणणारे लेखापाल आणि अनुवाद जाणणाऱ्या भगिनी यांनी महिन्यातून एका शुक्रवारी दोन तास दिले, तर नवोदितांना फी भरून फसावे लागणार नाही. पैसे पुढे करूनही ज्यांना कधी जाहिरातीची जागा मिळाली नव्हती, त्यांच्या नातवंडांनी आज ती जागा हिशेबाने आणि सचोटीने घ्यावी, एवढीच विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.

जयभीम! जय भारत!