ज्याची त्याची पानगळ

(चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



लहान मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी आपण एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवलीत, याचा मला मनापासून आनंद आहे. पहिलीतल्या मुलाला अजून धड वाचता येत नसतं, पण चित्र वाचता येतं. आपलं गाव पुस्तकात यावं इतकं मोलाचं आहे का, आपल्याहून निराळ्या मुलाशी कसं वागायचं, याचे पहिले धडे ते मूल चित्रातूनच घेतं. म्हणून हा विषय लहान नाही.

पाश्चात्त्य देशांत पानगळीच्या चित्रपुस्तकांचं मोठं दालन आहे. ऑक्टोबर महिना, मेपलची लालभडक पानं, लोकरी टोप्या घातलेली मुलं. त्यांतल्या पुष्कळ गोष्टींमध्ये एखादं पान किंवा एखादा प्राणी चारचौघांपेक्षा वेगळा असतो आणि शेवटी सगळे त्याला आपला म्हणतात. पण ऑक्टोबरात, म्हणजे आपल्या आश्विनात, गोंडपिपरीच्या शाळेतल्या मुलानं खिडकीबाहेर पाहिलं तर काय दिसतं? धान लोंबीवर आलेलं असतं आणि रान हिरवंगार. साग मात्र जागोजागी तांबूस दिसतो. पण ती पानगळ नव्हे. अळीनं पानाचा हिरवा भाग खाल्लेला असतो आणि शिरांची जाळी तेवढी उरलेली असते. आपली खरी पानगळ माघ-फाल्गुनातली. तिचं चित्रपुस्तक आपल्या मुलांच्या हातात कुठे आहे?

थंड प्रदेशात दिवस लहान होतात, थंडी वाढते, म्हणून झाड पानं टाकतं. पानातलं हरितद्रव्य मोडलं की आधीपासून असलेला पिवळा रंग वर येतो. लाल रंग मात्र पान त्या दिवसांत नव्यानं तयार करतं. आपल्याकडे कारण पाण्याचं. पाऊस संपतो, जमिनीतली ओल खाली जाते, ऊन चढू लागतं. पानांवाटे पाणी उडत राहिलं तर झाड जगणार नाही. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि तिथून पान सुटतं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तो उन्हाळा काढायची ही झाडाची तयारी.

आता फाल्गुनातलं आपलं जंगल डोळ्यांसमोर आणा. साग उघडा झालेला असतो आणि पाऊस जवळ येईपर्यंत तसाच राहतो. पळस पानं टाकून फुलांनी पेटतो. सावरीच्या उघड्या फांद्यांवर लाल फुलं येतात. मोहाची फुलं पहाटे टपटपतात आणि घरची माणसं, मुलंसुद्धा, टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. कुसुमाला ऐन उन्हात तांबडीलाल पालवी फुटते. परक्या माणसाला ती पानगळच वाटेल. नाल्याकाठची जांभूळ हिरवीच्या हिरवी. माती एक, ऊन एक, तरी ज्याची त्याची पानगळ वेगळी. सावरीच्या मऊ खोडात पाणी साठतं, जांभळीच्या मुळांना नाल्याची ओल मिळते, सागाला यातलं काही नाही. वेगळेपणाला कारण असतं, आणि ते शोधलं की सापडतं. मुलांना वेगळेपण शिकवायचं तर यापरतं दुसरं पुस्तक कशाला हवं? हे पुस्तक फक्त कुणीतरी चितारायला हवं.

वेगळेपणाच्या गोष्टींविषयी माझी एक तक्रार आहे. बहुतेक गोष्टींत त्या वेगळ्या प्राण्याला आधी सगळे हिणवतात, मग संकट येतं, मग त्याचा वेगळेपणा नेमका कामी येतो, आणि मग त्याला जवळ केलं जातं. मूल यातून काय शिकणार? उपयोग सिद्ध केलास तर तुला पंगतीत जागा आहे. ज्याचा काहीच उपयोग दिसला नाही, त्यानं कुठे बसायचं?

लिओ लिओनी यांचं ‘फ्रेडरिक’ हे 1967 सालचं चित्रपुस्तक मला याहून वेगळं वाटतं. हिवाळा जवळ येतोय म्हणून रानउंदीर रात्रंदिवस दाणे आणि काड्या गोळा करतायत. फ्रेडरिक नुसता बसून आहे. मी ऊन, रंग आणि शब्द साठवतोय, असं तो सांगतो. हिवाळ्यात दाणे संपतात, तेव्हा त्याचे शब्द सगळ्यांना ऊब देतात. बहुतेकांना हा शेवट आठवतो. मला त्याच्या आधीचं पान महत्त्वाचं वाटतं. फ्रेडरिकचे शब्द कामी येण्याआधीच बाकीच्यांनी त्याला आसऱ्यात घेतलेलं आहे, दाण्यांत वाटा दिलेला आहे. वाटा आधी, उपयोग नंतर. वेगळेपणाच्या प्रत्येक गोष्टीला मी ही कसोटी लावतो.

ही कसोटी आपल्या वर्गात आणू. गोंडपिपरी तेलंगणाच्या सीमेवर. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत मुलं घरून गोंडी, माडिया, तेलुगू, कुठे बंगाली आणि झाडीबोली घेऊन शाळेत येतात. पाठ्यपुस्तकातली मराठी यांतल्या अनेकांना पहिल्या दिवशी परकी असते. ती गप्प बसतात आणि आपण त्यांना मागे पडलेली समजतो. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. या गप्प बसण्यावर तो एक उपाय आहे.

दुसरं मूल सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार किती घरांत आहे, ते या सभेला वेगळं सांगायला नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यांत सिकलसेल आहे. हे मूल बाहेरून सगळ्यांसारखंच दिसतं. थंडी बाधली, पाणी कमी पडलं की त्याचे सांधे, हातपाय असह्य दुखतात. ते कवायतीतून बाजूला बसतं आणि मुलं त्याला कामचुकार म्हणतात. या मुलाचं चित्रपुस्तक काढायचं तर शेवटी त्याला शर्यत जिंकायला लावू नका. पाण्याची बाटली जवळ घेऊन ते सावलीत बसलंय, शेजारी मित्र बसलाय, आणि खेळाचा नियम असा बदललाय की बसल्या जागेवरून त्यालाही भिडू होता येतं, एवढं दाखवा.

असं पुस्तक होऊ शकतं का? मराठीत पाया तयार आहे. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांतून साधं घर, साधी माणसं मुलांसमोर ठेवली; ‘चित्रवाचन’ तर नावाप्रमाणे चित्र वाचायलाच शिकवतं. साहित्य अकादमीनं 2014 मध्ये त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. आणि जंगल कसं चितारायचं, ते गोंड कलावंतांनी जगाला दाखवलं आहे. भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंग उर्वेती यांनी रात्रीची झाडं चितारली. चेन्नईच्या तारा बुक्सनं ती चित्रं काळ्या कागदावर हातानं छापून त्यांचं पुस्तक काढलं. त्या पुस्तकाला 2008 मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात पुरस्कार मिळाला. हे कलावंत मध्य प्रदेशातल्या पाटणगडच्या परंपरेतले, आपल्याच मध्य भारतातल्या जंगलांचे. आणि कागदाचं म्हणाल, तर बल्लारपूरचा कागद कारखाना इथून फार लांब नाही, आणि त्यात या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षं गेलेला. आपल्या बांबूच्या कागदावर आपल्या पळसाचं चित्र मुलांसाठी छापलं जावं, ही मागणी फार मोठी नाही.

पुस्तक छापून येईपर्यंत थांबायचंही कारण नाही. येत्या फाल्गुनात प्रत्येक शाळेनं पाच झाडं निवडावीत आणि ती मुलांना वाटून द्यावीत. दर आठवड्याला मुलांनी आपल्या झाडाचं चित्र काढावं. सागाचं कोवळं पान चोळलं की बोटं लाल होतात, हे त्यांना ठाऊक आहेच; ज्याचं झाड साग, त्यानं पावसाच्या तोंडावर पालवी फुटली की त्याच रंगानं ती रंगवावी. झाडाचं नाव घरी जे म्हणतात तेच आधी लिहावं, गोंडीत, तेलुगूत, बंगालीत, आणि त्याखाली मराठीत. ज्या मुलाला जंगलात चालवत नाही, त्याला शाळेच्या अंगणातलं झाड द्यावं. पुस्तकात त्याचं पान इतरांएवढंच असावं. पानं शिवून एक प्रत वर्गात आणि एक गावच्या वाचनालयात ठेवावी. एवढं काम आपल्या शिक्षकांना, वाचनालयांना आणि ग्रामसभांना सहज जमण्यासारखं आहे. पुढच्या आश्विनात या व्यासपीठावर वक्त्याऐवजी ती पुस्तकं मांडावीत आणि ज्या मुलांनी ती काढली, त्यांनीच ती आपापल्या भाषेत आपल्याला वाचून दाखवावीत, अशी माझी आयोजकांना हात जोडून विनंती आहे.